आधी थंड पाणी

वहिनींनी आयुष्यभर लोकांचे डाग काढले. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, जिथे वाफेमुळे भिंतीला रंग कधी धड टिकला नाही, तिथे एका उंच टेबलाशी त्या उभ्या असायच्या. पुढे काउंटरवर कपडे यायचे, पावती फाटायची, आणि ज्या कपड्यापुढे बाकीच्यांनी हात टेकले तो वहिनींच्या टेबलावर येऊन पडायचा. शाई, चहा, तेल, गंज, आणि ज्याचं नाव सांगायला गिऱ्हाईक लाजायचं तेही. वहिनी आधी वास घ्यायच्या, मग कापड उजेडाला धरायच्या, मग बाटल्यांच्या रांगेतली एक उचलायच्या. खाली टिपकागद, वरून थेंब, आणि फडक्याने हलकेच टिपायचं. घासायचं नाही. कुणी डाग घासताना दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. एरवी अगदी गरीब गाय.

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची ती त्यांच्या नणंदेमुळे. नणंदबाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, सगळ्यांचे दादा, आजारपणात गेले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत या दोघी मागे उरल्या. नणंद-भावजय एका छपराखाली सुखाने राहतात यावर शेजाऱ्यांचा विश्वास बसायला बराच काळ गेला. त्या सुखाने राहायच्या म्हणजे भांडायच्या भरपूर. खिडकी उघडी ठेवायची की बंद, चहात साखर किती, रेडिओ कुणाचा. पण वहिनी त्यांना वन्सं म्हणायच्या, बाहेरून आल्यावर पहिली हाक त्यांनाच मारायच्या, आणि वन्संना बरं नसलं की भांडण पुढे ढकललं जायचं.

मग वहिनींच्या हातांनी त्यांना दगा दिला. रसायनांनी बोटांची सालपटं निघायला लागली, तळव्यांना भेगा पडल्या, साधं लिंबू पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "बाई, एक काहीतरी ठेवा. हात तरी, नाहीतर ते टेबल तरी."

मालक माणूस वाईट नव्हता. "पुढे काउंटरवर बसा," तो म्हणाला. "कपडे घ्यायचे, पावती द्यायची. जागा तुमचीच आहे."

"म्हणजे मागे कुणीतरी खसाखसा घासत असणार, आणि मी पुढे बसून पावत्या फाडणार?" वहिनी म्हणाल्या. "नको. माझं मी बघेन."

बोलायला काय जातं! घरी आल्यावर बघायचं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वन्संची पेन्शन होती. ओढाताण केली तर ती दोघींना पुरली असती, आणि वन्संनी तसं दोनदा बोलूनही दाखवलं. पण नणंदेच्या ताटातला घास खायचा नाही, एवढी एकच गोष्ट वहिनींनी मनाशी पक्की धरली होती. वन्संनी हिशोब कधीच काढला नसता. म्हणूनच वहिनींना ते नको होतं.

लॉन्ड्रीतली जुनी गिऱ्हाइकं त्यांना विसरली नव्हती. घरी फोन यायला लागले. फोन वन्सं उचलायच्या, कारण वाजणारा फोन दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना खपत नसे. रिसीव्हर हातात धरून त्या ओरडायच्या, "वहिनी, शाई! वहिनी, आइस्क्रीम, रेशमावर!" आणि वहिनी ओल्या हातांनी धावत यायच्या. फोन जोडून दिला की वन्सं आपल्या खुर्चीत परत. पुढचं बोलणं त्यांनी कधी ऐकलं नाही. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही ही नोकरीतली सवय हाडात मुरलेली होती.

"रोज तेच तेच सांगून तुझा घसा बसेल," एके दिवशी वन्सं म्हणाल्या. "एकदाच कुठेतरी लिहून ठेव, आणि लोकांना सांग, तिथे बघा म्हणून."

वहिनींचा ब्लॉग असा सुरू झाला. तो करून दिला तळमजल्यावरच्या झाडंवालीने. झाडंवाली पस्तिशीची, हाताला कायम माती. घरातल्या कुंड्यांवर तिचा स्वतःचा ब्लॉग होता, आणि त्यावरच्या जाहिरातींवर ती जगते अशी तिची ख्याती होती. तिने वहिनींना एक पान उघडून दिलं, टाइप कसं करायचं ते दाखवलं, आणि वहिनी एका बोटाने लिहायला लागल्या. लिहिण्याची त्यांची रीत टेबलावरच्या कामासारखीच होती. कुठला डाग ते मथळ्यात, आणि पहिल्या ओळीत उत्तर. रक्त असेल तर: 'थंड पाणी, लगेच. गरम अजिबात नको, गरमाने डाग पक्का होतो.' मग चार ओळी खुलासा. संपलं.

लोक यायला लागले. आधी ओळखीचे, मग बिनओळखीचे, मग शेकड्यांनी. झाडंवालीने पानावर जाहिराती लावून दिल्या. कुठल्या लावायच्या ते आपल्या हातात नसतं, ती म्हणाली. जागा आपण द्यायची, जाहिरात कंपनी माणूस बघून जाहिरात टाकते. महिन्याअखेरी वहिनींनी पैसे पाहिले आणि कपाळाला हात लावला. मिठामिरचीची सोय झाली असती, फार तर.

"एवढी माणसं येऊन गेली, आणि एवढेच?"

झाडंवालीने त्यांच्या मोबाइलवर बोट फिरवलं. "येतात हो, पण टेकत नाहीत. पहिली ओळ वाचली की गेले. खालच्या जाहिरातींपर्यंत कुणी पोचतच नाही. वहिनी, पान म्हणजे दुकान समजा. तुम्ही माल दारातच वाटून टाकताय. तो आत ठेवा, मागच्या फळीवर. माणूस आत आला, इकडे तिकडे बघत गेला, तरच चार पैसे सुटतात."

"म्हणजे उत्तर शेवटी?"

"शेवटी. त्याआधी गोष्ट सांगा. तुमच्याकडे काय गोष्टींना तोटा आहे? आणि मध्ये मध्ये जाहिराती."

ती खोटं सांगत नव्हती. तिचं स्वतःचं पान तसंच होतं, आणि वाचकांना ते आवडायचं. वहिनींनी सांगितलं तसं केलं, आणि खरं सांगायचं तर त्यात त्या रमल्या. लॉन्ड्रीत उभ्या जन्मात कुणी त्यांना बोला म्हटलं नव्हतं. आता रक्ताच्या डागावर लिहायचं म्हणजे आधी तो नवरदेव आला, दाढी करताना कापून घेऊन पांढऱ्या शर्टाची वाट लावलेला, मग त्याची घाबरलेली बहीण, मग बाहेर थांबलेली टॅक्सी, मग मालकाचा जळफळाट, आणि या सगळ्यांची वास्तपुस्त झाली की तळाशी कुठेतरी थंड पाणी. तेलाच्या डागाला तर त्यांनी पार सात पिढ्यांचा इतिहास दिला. वन्सं चष्मा लावून वाचायच्या आणि म्हणायच्या, "छान लिहितेस गं. शर्टाचं काय झालं ते मात्र विसरले मी."

पैसे वाढले. हळूहळू वाढले, पण दर महिन्याला वाढले. वहिनी घरखर्चातला आपला वाटा वन्संच्या हातात ठेवू लागल्या आणि तो ठेवताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. लिखाणाखाली लोक अभिप्राय लिहायचे. बहुतेक कौतुकाचे. कुणीतरी एकाने लिहिलं होतं, 'उत्तर सापडेपर्यंत उशीर झाला, पण गोष्ट फार आवडली.' वहिनी हसल्या होत्या. वन्संना वाचूनही दाखवलं होतं.

हिवाळ्यात एका सकाळी वहिनी बँकेत गेल्या. त्या महिन्यात ब्लॉगने पहिल्यांदाच लॉन्ड्रीच्या पगाराशी बरोबरी केली होती. मोबाइल त्यांनी चार्जिंगला लावून घरीच ठेवला होता. येताना त्या औषधाच्या दुकानात थांबल्या आणि वन्संच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी घेतली. वन्सं दोन हिवाळे जुनी गळकी पिशवी टॉवेलात गुंडाळून वापरत होत्या. ही नवी स्वतःच्या कमाईची. जिना चढताना वहिनींना गुणगुणावंसं वाटलं, आणि गुणगुणता येत नसूनही त्या गुणगुणल्या.

"वन्सं, बघा काय आणलंय!"

मोरीत वन्सं पाटावर बसल्या होत्या. डाव्या हाताच्या बोटाला रुमाल बांधलेला, समोर बादली, बादलीतून वाफ. आणि हातात दादांचा स्वेटर.

हा स्वेटर वहिनींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विणला होता. सायीच्या रंगाची लोकर, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब, कारण विणताना त्या दादांचं माप घ्यायला लाजत होत्या. दादा धिप्पाड. त्यांनी तो लांब बाहीसकट वर्षानुवर्षं मिरवला. ते गेल्यावर थंडी पडली की वन्सं तो घालायच्या, बाह्या दुमडून, आत दोन माणसं मावतील इतका सैल. आता तो वन्संच्या हातात होता, आणि लहान मुलाच्या अंगालाच झाला असता. लोकर आटून घट्ट, जाड झाली होती. एका बाहीच्या टोकाला तपकिरी डाग होता, आणि तो आता कुठेही जाणार नव्हता. हे वहिनींना दारातूनच कळलं. हात लावायचीही गरज नव्हती.

"डबा उघडताना पत्रा लागला," वन्सं म्हणाल्या. "बाहीला रक्त लागलं. म्हटलं, तू यायच्या आत काढून टाकू."

"गरम पाणी?" वहिनींचा आवाज चढला. "रक्ताला गरम पाणी? आणि लोकरीला? अहो वन्सं, जन्म गेला माझा सांगण्यात! मी लिहीन का कधी गरम पाणी?"

"तुझ्याच पानावर होतं गं."

"शक्यच नाही."

वन्संनी पदराला हात पुसले आणि बाजूच्या स्टुलावरचा वहिनींचा मोबाइल पुढे केला. पान अजून उघडं होतं. नवरदेव होता, बहीण होती, टॅक्सी होती. टॅक्सीच्या खाली, पानाच्या रुंदीभर, एक चित्र होतं. वाफाळती बादली, पांढराशुभ्र शर्ट, आणि ठळक अक्षरं: 'गरम पाण्यात एक चमचा. कुठलाही डाग, क्षणात गायब.' धुण्याच्या पावडरीची जाहिरात. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. वन्संना ते चष्म्यातून कुठे दिसणार? वहिनी बोटाने पान वर सरकवत गेल्या. मालकाचा जळफळाट आला, आणखी एक जाहिरात आली, टांग्यावाल्याची एक आठवण आली, ती त्यांनी नंतर घुसडली होती, आणि मग तळाशी त्यांची स्वतःची ओळ आली. थंड पाणी, लगेच.

"खूप वाचलं मी," वन्सं म्हणाल्या. "बोटातून रक्त गळत होतं, इकडे डाग वाळत होता, आणि तो नवरदेव काही संपेना. मग हे दिसलं. वाटलं, हेच तू सांगत्येस. दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं का मी? तुझ्या पानावर होतं म्हणून तर ओतलं." एवढं बोलून त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला. "दादाचा होता गं."

वहिनींना राग आला होता तो कुठल्या कुठे गेला. उरली ती लाज. त्या तिथेच, ओल्या फरशीवर, वन्संच्या शेजारी बसल्या, आणि दोघीही थोडा वेळ रडल्या. दादा गेल्यावर दोघी एकत्र अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा दोघींनी एकमेकींसाठी धीर धरला होता. मग वहिनींनी वन्संच्या बोटाचा रुमाल सोडून ते धुतलं, थंड पाण्याने, आणि नवी पट्टी बांधली.

दुपारी चहा घेताना वन्सं म्हणाल्या, "एक बोलू? आमच्याकडे एक्सचेंजमध्ये कुणी आग लागली म्हणून फोन केला, तर आम्ही आधी बंबवाल्याला जोडून द्यायचो. आग कशी लागली, कुणाच्या घरी लागली, ते नंतर. तुझ्या गोष्टी छान आहेत. पण आधी जोडून दे."

त्यांनी हे टोचून म्हटलं नव्हतं. पण वहिनींना त्या अभिप्रायवाल्याची आठवण झाली, ज्याला उशीर झाला होता. तो एकटाच असेल असं थोडंच आहे? एकाने लिहिलं. न लिहिणारे किती असतील, आणि त्यांच्या हातात कुणाकुणाचे स्वेटर असतील, या विचाराने त्यांचा चहा तसाच निवला.

त्या संध्याकाळी त्या खाली गेल्या. झाडंवाली कुंडीतली माती बदलत होती. वहिनींनी सगळं सांगितलं, स्वेटरासकट. झाडंवालीचा चेहरा उतरला.

"मीच सांगितलं होतं तुम्हाला."

"तुझ्या पानाला ते चालतं," वहिनी म्हणाल्या. "झाडाची पानं पिवळी पडली म्हणून कुणी उभ्या उभ्या वाचत नाही. खुर्चीत बसून, चहा घेत वाचतात. माझा माणूस ओला शर्ट हातात धरून उभा असतो. त्याला कुठे वेळ आहे? मी उत्तर वर नेते, आणि मधल्या जाहिराती काढते. राहू देत एखाद-दुसरी अगदी तळाशी."

"पैसे पार खाली येतील, वहिनी. पहिल्यासारखे."

"माहीत आहे गं. तू कशी भागवतेस एवढ्यात?"

झाडंवालीने हातावरची माती झटकली. ती जराशी ओशाळली. "खरं सांगू? नाही भागत. मागची खोली भाड्याने दिली आहे ना, तिच्यावर घर चालतं. ब्लॉगचं म्हणाल तर विजेचं बिल जातं, कुंड्या येतात, चांगल्या महिन्यात भाजीही येते. पण लोक विचारतात तेव्हा ब्लॉगवर जगते असं म्हणायला बरं वाटतं. खोलीवर जगते म्हणायला नाही वाटत."

यावर दोघी हसल्या. वहिनींना तिच्याबद्दल एकदम माया वाटली. एवढे दिवस ही पोर एकटीच हे ओझं वाहत होती, आणि वर आपल्याला धीर देत होती.

पानं दुरुस्त करायला वहिनींना बरेच दिवस लागले. एका बोटाने काम. प्रत्येक पानाचं तळातलं उत्तर उचलून त्या माथ्यावर ठेवत गेल्या. गोष्टी फेकल्या नाहीत. त्या खाली राहिल्या, ज्याला सवड असेल त्याच्यासाठी. रक्ताच्या पानावर त्यांनी एक ओळ वाढवली: 'आधी थंड पाणी. जा, उठा. बाकीचं परत येऊन वाचा.'

महिना सरला आणि पैसे झाडंवालीने सांगितले तसे खाली आले. वहिनींनी ते वन्संच्या हातात ठेवले तेव्हा मान ताठ नव्हती. वन्सं म्हणाल्या, "राहू दे की. माझी पेन्शन काय मी उरावर घेऊन जाणार आहे?" वहिनींनी मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली साडी नेसून त्या लॉन्ड्रीत गेल्या. पुढच्या दाराने. त्या दाराने आपण फारसं कधी आलोच नाही, हे त्यांना उंबऱ्यावर जाणवलं.

मालकाने चष्म्यावरून पाहिलं. काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

"ती काउंटरची जागा," वहिनी म्हणाल्या. "अजून आहे का?"

"आहे. पण मागे पाऊल टाकायचं नाही. बाटलीला हात लावायचा नाही. मला डॉक्टरांची बोलणी खायची नाहीत."

"नाही लावणार. सकाळपुरती येईन. काउंटरवर गिऱ्हाइकाला विचारीन, काय सांडलं आणि कधी सांडलं. निम्मं काम तिथेच होतं. तुमची पोरं विचारतच नाहीत."

"आणि मागे कुणी घासताना दिसलं तर?"

"तर मी ओरडणार," वहिनी म्हणाल्या. "ते पगारात धरा."

मालक हसला आणि त्याने पावतीपुस्तक त्यांच्याकडे सरकवलं.

तेव्हापासून त्यांचा दिवस दोन भागांत वाटला गेला. सकाळी काउंटर, दुपारी ब्लॉग. काउंटरवर लोक डागांबद्दल इतकं खोटं बोलतात, की ब्लॉगला लिहायचा मजकूर कमी पडेना. आपण हरून परत आलो असं पहिले काही दिवस वहिनींना वाटत राहिलं. पावती फाडताना कधी कधी अजूनही वाटतं. पण पगाराच्या दिवशी घरखर्चातला वाटा पूर्वीसारखा वन्संच्या हातात पडतो, आणि त्यात थोडा लॉन्ड्रीचा, थोडा ब्लॉगचा असतो. कुठला नोटांचा गठ्ठा कुठून आला हे वन्सं विचारत नाहीत.

स्वेटर त्यांनी टाकला नाही. वन्संनीच युक्ती काढली. आटलेल्या स्वेटराची मान शिवून टाकली, बाह्या मागच्या बाजूला दुमडून टाचल्या, आणि नव्या रबरी पिशवीला त्यात बसवलं. पिशवी अगदी फिट्ट बसली. गुडघ्यांवर ती घेऊन वन्सं रेडिओ ऐकतात आणि म्हणतात, "दादाची ऊब अजून आहे बघ." डागाची बाजू त्या मुद्दाम खाली ठेवतात, वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून. वहिनींना ते ठाऊक आहे.

परवा झाडंवाली वर आली होती. मोबाइलवर वहिनींच्या ब्लॉगचे आकडे बघता बघता तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माणसं किती वाढली आहेत, वहिनी! पण एकही जण थांबत नाही. पान उघडतात, आणि लगेच जातात. कुठे जातात कोण जाणे."

वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नळाकडे," त्या म्हणाल्या.